पाहुण्याला आधी पाणी

“पाहुण्याला पाणी दिलं का, ते विचार आधी,” कुणीतरी हळूच म्हणालं आणि दोघंतिघं खुसखुसली.

मी तेव्हा वर्कशॉपच्या टेबलाखाली होते. एक बारीक स्क्रू पडला होता, तो शोधत होते. वरचं बोलणं माझ्यासाठी नव्हतं. खालून मला फक्त पाय दिसत होते: आमच्या टीममधल्या चौघांचे बूट आणि दारातून आत येणाऱ्या, टाचेशी झिजलेल्या चामडी चपला. चपला टेबलापाशी येऊन थांबल्या. वर काहीतरी अगदी अलगद ठेवल्याचा आवाज आला. मग बुटांच्या चारही जोड्या आपोआप एक पाऊल मागे सरकल्या.

हसले होते तेच मागे सरकले होते. भाऊंच्या बाबतीत हे नेहमीचं होतं. लोक त्यांना हसायचे आणि त्यांचं ऐकायचेही, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

भाऊ आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये साहाय्यक होते. कॉलेज घोरावाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर, आणि वर्कशॉप म्हणजे कॉलेजच्या अगदी मागे, रुळांना लागून असलेली पत्र्याची शेड. त्या दिवशी त्यांनी टेबलावर ठेवला होता तो स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. आणखी एक थेंब टाकला असता तर सांडला असता, इतका. पेल्याशेजारी आमचा रोबो होता.

रोबो म्हटलं की लोकांना माणसासारखं काहीतरी वाटतं. आमचा रोबो म्हणजे चहाच्या ट्रेएवढं, चार चाकांचं यंत्र होतं. स्पर्धेत त्यानं आखलेल्या चौकोनातून स्वतःच निघायचं, ठरलेल्या जागी काटकोनात वळायचं, एक ठोकळा उचलायचा आणि परत यायचं. हात लावायचा नाही, रिमोट नाही. वळणं मोजायला त्याच्या पोटात नखाएवढा एक सेन्सर होता, जायरोस्कोप. यंत्र कुठल्या बाजूला किती वेगानं वळतंय एवढंच तो सांगतो. त्यावरून एकूण किती वळलं, ते कोड काढतो. कोड माझ्याकडे होता, कारण कोड लिहिताना कुणाशी बोलावं लागत नाही.

या सेन्सरची एक खोड आहे. चालू केल्यावर पहिले पाच सेकंद त्याला पूर्ण स्थिर ठेवावं लागतं. तेवढ्यात तो ‘न हलणं’ म्हणजे काय ते शिकतो. पुढचं सगळं मोजमाप त्या शून्यापासून. त्या पाच सेकंदांत कुणी त्याला हलवलं, तर तो हलण्यालाच शून्य धरतो, आणि मग जागेवर उभा असला तरी त्याला वाटत राहतं की आपण फिरतोय.

हे मी इंग्रजीत वाचलं होतं, आणि वाचूनही विसरले होते. सुरुवातीला आमचा रोबो कधी नीट वळायचा, कधी भिंतीवर जाऊन आदळायचा. तीन दिवस मी कोडमधले आकडे बदलत बसले होते. भाऊ पलीकडे कानस घासत होते. चौथ्या दिवशी कानस थांबली.

“ताई, ह्याला चालू कुटं करता तुमी?”

“इथंच,” मी म्हटलं. मग नीट आठवून म्हटलं, “म्हणजे... टेबलावरून खाली आणताना. हातात असताना. वेळ वाचतो.”

भाऊंनी कानस खाली ठेवली. “पाहुणा दारातनं आत येतोय. अजून चपला काढल्या न्हाईत. आन् तुमी त्याला विचारता, गावाकडं पाऊसपाणी कसं हाय? काय सांगंल तो? कायतरीच सांगंल. आधी बसू द्या त्याला. पाणी द्या. मग विचारा.”

दुसऱ्या दिवशी पेला आला.

पेल्याचा नियम साधा होता. रोबोशेजारी पेला ठेवायचा. पाण्यावरची थरथर पूर्ण थांबली की बटन दाबायचं. थांबली नाही, तर नाही. रुळांवरून मालगाडी गेली की पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. भाऊ हात वर करायचे आणि सगळी टीम जागच्या जागी थांबायची. मालगाडीला डबे किती असतात हे मला त्या वर्षी कळलं.

निखिल आमचा कप्तान. उंच, गडगडाटी, वडगावकडच्या बागायतदार घरातला, आणि मनानं मोकळा. त्याला थांबणं जमायचं नाही. “भाऊ, मोबाईलमध्ये पण जायरो असतो,” तो एकदा म्हणाला. “तो कुठं पाणी मागतो?”

“मोबाईल पाहुणा न्हाई,” भाऊ म्हणाले. “त्यो घरजावई हाय.”

खरं सांगायचं तर, मालगाडीच्या थरथरीनं आमच्या वळणात फरक पडत नव्हता. मी मोजून पाहिलं होतं. हे मी भाऊंना सांगितलं नाही. निखिललाही नाही. पण पेल्याचं खरं काम मला एके दिवशी कळलं: काठोकाठ भरलेला पेला टेबलावर असला की माणसं टेबलाला हात लावत नाहीत. टेकत नाहीत, ढोपरं ठेवत नाहीत, लॅपटॉप आपटत नाहीत. भाऊ पाण्याकडे बघायचे तेव्हा त्यांचं लक्ष पाण्यावर नसायचं. आमच्या हातांवर असायचं.

वर्कशॉपमध्ये येण्याआधी भाऊंनी बावीस वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात काढली होती. तिथं मोठमोठ्या ब्लोअरचे पंखे बनायचे आणि भाऊंचं काम त्यांचा तोल बघायचं. फिरत्या यंत्राच्या झाकणावर ते तळहात ठेवायचे आणि कुठल्या पात्याला वजन कमी आहे ते सांगायचे. कारखाना दुसरीकडे गेला. तळहात त्यांच्याकडेच राहिला. वर्कशॉपमधला छताचा पंखा किंचित कुरकुरला तरी ते बोलता बोलता वर बघायचे, जसं आपण ओळखीचं कुणी रस्त्यात दिसलं की बघतो.

तोल सांभाळायची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. मी लोणावळ्याहून यायचे, ते कामशेतला त्याच गाडीत चढायचे. त्यांचं गाव बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याशी होतं. घोरावाडीला उतरून आम्ही बरोबर चालायचो. अर्ध्या रस्त्यावर एक चिंच होती. चिंचेपर्यंत त्यांचा डबा डाव्या हातात असायचा, चिंचेपासून उजव्या हातात. रोज. एकदा मी हसले तर म्हणाले, “एकाच खांद्यानं काय घोडं मारलंय?”

एवढं सोडलं तर आम्ही त्या रस्त्यावर फारसं बोलायचो नाही. मला लहानपणापासून एकच प्रश्न विचारला गेलाय: “तू बोलत का नाहीस?” शाळेत, लग्नात, नातेवाइकांकडे. भाऊंनी तो कधी विचारला नाही. उलट एका सकाळी चिंचेपाशी डबा बदलताना म्हणाले, “तुमी शांत असता ते बरं हाय. पंखा चांगला असला की आवाज करत न्हाई.” माझ्या गप्प राहण्याचं तेवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी ते जपून ठेवलं. फार जपून ठेवलं, असं पुढे वाटलं.

वर्कशॉपमध्ये एक फिरती खुर्ची होती. भाऊंनी ती तारेनं करकचून बांधली होती. “फिरत्या खुर्चीवर बसून फिरणं मोजता येत न्हाई,” हे त्यांचं कारण. एकदा विभागप्रमुख सर आले, हातात चहा घेऊन त्या खुर्चीवर बसले आणि सवयीनं गर्रकन वळायला गेले. सर वळले, खुर्ची नाही. चहा शर्टावर. भाऊंनी स्वतःचा पंचा पुढे केला आणि म्हणाले, “सर, तिची फिरायची सवय आमी सोडवलीय.”

जमिनीवर त्यांनी खडूनं एक मोठा कोनमापक काढला होता. रोबो वळून थांबला की भाऊ गुडघ्यावर बसून रेघ वाचायचे आणि ओरडायचे, “एकोणनव्वद!” मी लॅपटॉपवर बोटं ठेवून तशीच बसायचे. माझी शाळा इंग्रजी. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे माझ्या डोक्यात धुक्यात जातात. एकोणनव्वद म्हणजे एकोणऐंशी नाही, हे ठरवेपर्यंत पुढचं वळण झालेलं असायचं. विचारायची लाज वाटायची. दोनतीन दिवस मी बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधला. मग एका सकाळी आले तर खडूच्या प्रत्येक रेघेपुढे दोनदोन गोष्टी लिहिलेल्या: इंग्रजी आकडा, आणि शेजारी वळणदार अक्षरात सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद.

“हे कुणासाठी?” निखिलनं विचारलं.

“रोबोसाठी,” भाऊ म्हणाले. “त्योबी इंग्लिश मीडियमचा हाय.”

पण मला भाऊ म्हटलं की आठवतात ते डोळे बांधलेले. एका दुपारी निखिलशी त्यांचा वाद झाला. पहिलं वळण बरोबर येतं, दुसरं येतं, आणि आठव्या-दहाव्या वळणाला रोबो भलतीकडेच तोंड करून उभा राहतो, हे कसं? एक अंशाची चूक म्हणजे काय मोठी चूक झाली का? भाऊ उठले. शेडबाहेरच्या अंगणात गेले, दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि स्वतःच्या डोळ्यांवर पंचा बांधला.

“वळा म्हना.”

निखिल म्हणाला, “वळा.” भाऊ काटकोनात वळले. अगदी कवायतीत वळावं तसे, टाच फिरवून. “वळा.” पुन्हा वळले. सोळा वेळा. सोळा काटकोन म्हणजे चार पूर्ण फेऱ्या, म्हणजे शेवटी ते पुन्हा दारासमोर यायला हवेत.

“आता मी दाराकडं बघतोय,” भाऊ म्हणाले.

ते मुतारीकडे बघत होते. निखिल हसून हसून खाली बसला. भाऊही हसले, पण पंचा काढला नाही.

“बघा. दर खेपेला मला वाटलं, बरोबर वळलो. चूक एकदम येत न्हाई. जरा जरा साठती. आन् डोळं बांधलेल्याला ती कळत न्हाई. बाहेर उभा ऱ्हायलाय त्यानं सांगावं लागतं.”

मग त्यांनी पंचा सोडला, समोर काय आहे ते पाहिलं आणि म्हणाले, “आलोच हाय तर जाऊन येतो.”

एका रविवारी आम्ही पाचही जण बेडशाची लेणी बघायला गेलो आणि उतरताना भाऊंच्या घरी. दोन खोल्या, पुढे पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तसबिरीशेजारी जत्रेतला एक कागदी भिरभिरा, ज्याची पाती भाऊंनी मेण लावून समतोल केली होती. मावशींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, आधी पाणी दिलं. तेच पेले, वर्कशॉपमधल्या पेल्याची भावंडं. निखिल तीन पेले पाणी प्यायला आणि मग त्यानं मावशींना विचारलं, “भाऊ घरी पण असंच करतात का हो? मोजणं, थांबणं?”

“इचारू नका,” मावशी म्हणाल्या. “भाकरी थापताना मागं उभं ऱ्हात्यात. म्हनत्यात, डाव्या अंगाला जाड झालीय. आमच्यात लग्नात फेरे नसत्यात, ते बरं. न्हाईतर ह्यांनी भटालाच थांबवलं असतं, म्हनले असते, तिसरा फेरा कमी पडला.”

भाऊ पडवीत खाली मान घालून हसत होते. आम्ही सगळेच हसलो. परत येताना निखिल म्हणाला, “कसला भारी माणूस आहे यार.” त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना तो वाईट वाटेल, आणि तो वाईट नव्हता.

पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी निखिलनं रोबोला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्यांच्या घरी ट्रॅक्टरलाही हात लावून पाया पडल्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत. “उद्या बटन दाबलं की सगळ्यांनी हात लावून नमस्कार करायचा,” त्यानं सांगितलं. “मग हा पळेल.”

भाऊ पक्कड पुसत होते. “पाया पडा की. लय पडा,” ते म्हणाले. “पण बटन दाबायच्या आधी. दाबल्यावर पडायचं तर लांबून पडा.”

“भाऊ, तुमचा नसेल विश्वास,” निखिल हसत म्हणाला. “आमचा आहे.”

दुसरं कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पक्कड पुन्हा पुसली, जी आधीच पुसून झाली होती. मी लॅपटॉप बंद करून चार्जर गुंडाळत होते. भाऊंचं म्हणणं बरोबर आहे, हे त्या खोलीत कुणाला नक्की माहीत असेल तर ते मला.

स्पर्धा पुण्यातल्या एका कॉलेजात होती. आमची पाळी आली. रोबो प्लायवूडच्या मैदानावर, सुरुवातीच्या चौकोनात ठेवला. भाऊंनी पिशवीतून पेला काढला, बाटलीतून काठोकाठ भरला आणि कडेला ठेवला. लगेच तिथला एक स्वयंसेवक धावत आला. मैदानावर पाणी चालणार नाही, म्हणाला. भाऊंनी वाद घातला नाही. पेला उचलला, पाणी सगळं पिऊन टाकलं, पेला पिशवीत ठेवला आणि पाच पावलं मागे जाऊन उभे राहिले.

पेला गेला. आणि हात आले.

निखिलनं बटन दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला. निखिलनं रोबोला हात लावून कपाळाला लावला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, चौथ्यानं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला सगळ्यांनी बघितलेलं सहन होत नाही. मीही हात लावला.

दिवा हिरवा झाला. शिट्टी वाजली. रोबो निघाला, आणि सरळ जातानाच किंचित डावीकडे ओढ घ्यायला लागला. पहिलं वळण कमी पडलं. दुसरं आणखी. तिसऱ्या वळणाला तो भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि चाकं फिरवत राहिला, दार समजून भिंत ढकलणाऱ्या माणसासारखा.

परतीच्या गाडीत मी लॅपटॉप उघडला. रोबो सुरुवातीचे पाच सेकंदही नोंदवून ठेवायचा. ती सोय मीच केली होती. पडद्यावर जी रेघ सपाट असायला हवी होती, तिच्यावर पाच टेकड्या होत्या. बटन दाबल्यानंतरच्या. त्याआधी भाऊंनी पेला उचलला तेव्हा सेन्सर चालूच झाला नव्हता. पाच हात, पाच टेकड्या. पाचवी सगळ्यात छोटी होती. मी हात हळूच लावला होता.

“तो पेला,” पुढच्या सीटवरून निखिल म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं. “ऐन वेळी ठेवला काय, उचलला काय. प्लायवूड हललं. सगळं त्यातच गेलं.”

बाकीचे म्हणाले, हो, पेलाच. भाऊ माझ्या शेजारच्या खिडकीशी होते. त्यांना पडदा दिसत होता. आकडे त्यांना वाचायचे नव्हते, टेकड्या पुरेशा होत्या. त्यांनी बोटानं एकेक टेकडी मोजली, हवेतल्या हवेत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ताई, तुमाला काय दिसतंय?”

चार चेहरे मागे वळले.

“मला... नक्की नाही सांगता येत,” मी म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.

“बरं,” भाऊ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यानंतर रागावणं, भांडण असं काही झालं नाही. भाऊ वर्कशॉपमध्ये यायचे, आमचे स्क्रू, पक्कड काढून द्यायचे आणि पलीकडे जाऊन कानस घासायचे. पेला फळीवर उपडा होता. मालगाडी गेली की कुणी थांबत नव्हतं. जमिनीवरचे खडूचे आकडे पायांखाली पुसट होत गेले आणि ते कुणी पुन्हा लिहिले नाहीत. निखिल एकदा मला म्हणाला, “भाऊ जरा तुटक वागतात ना हल्ली?” मी म्हटलं, “हो का?”

तीन आठवड्यांनी, त्याच रस्त्यावर, चिंचेपाशी, मी कसंबसं विचारलं, “भाऊ, तुम्हाला कळलं होतं ना? मग तुम्हीच का नाही सांगितलं?”

त्यांनी डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

“मी सांगितलं असतं तर गोष्ट मशिनीची ऱ्हायली नसती, ताई,” ते म्हणाले. “‘ह्यांना आमच्या नमस्काराचं वावडं हाय’, अशी झाली असती. मशीन बाजूला आन् मी पुढं. म्हनून तुमाला इचारलं. तुमी सांगितलं असतं तर ती मशिनीचीच ऱ्हायली असती.”

मला ते तेव्हा अर्धं कळलं. उरलेलं अर्धं कॉलेजच्या फाटकापर्यंत कळलं, आणि मग मला वर्गात जावंसं वाटेना.

आता मी पुण्यात नोकरी करते. गोदामात फिरणाऱ्या गाड्यांचा कोड लिहिते. त्यांच्यातही जायरो असतो. भाऊ निवृत्त होऊन गावी भातशेती बघतात. फोन केला की नमस्कार-चमत्कार नसतो. “बोला,” एवढंच म्हणतात, आणि मग थांबतात. मी बोलायला लागेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, थांबतात. पलीकडून भिरभिऱ्याचा आवाज येतो, किंवा मला तसं वाटतं. परवा मी सांगितलं की आमच्या ऑफिसात सगळ्या खुर्च्या फिरत्या आहेत. ते म्हणाले, “तार धाडून देऊ?”

पण हे सगळं पुढचं. मधे ती दुसरी स्पर्धा आहे.

ती सहा महिन्यांनी आमच्याच कॉलेजच्या सभागृहात झाली. दरम्यान मी कोडमध्ये गुपचूप काही ओळी टाकल्या होत्या: सुरुवातीच्या पाच सेकंदांत यंत्र हललं, तर ते सेकंद टाकून दे आणि पुन्हा पहिल्यापासून मोज. म्हणजे कुणी कितीही हात लावले तरी रोबो थांबणार, हात निघाल्यावर नीट शून्य घेणार आणि बरोबर पळणार. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. आम्ही जिंकलोही असतो, आणि पेल्याची गोष्ट तशीच राहिली असती. मी ते सगळं अगदी माझ्या स्वभावाला साजेसं करून ठेवलं होतं.

सभागृह भरलं होतं. भाऊंना दाराशी उभं केलं होतं, किल्ल्यांचा जुडगा देऊन. त्यांच्या खांद्यावर नेहमीची कापडी पिशवी होती आणि पिशवीला खालून एक गोल फुगवटा आला होता. मी तो दुरून ओळखला. सहा महिने फळीवर उपडा असलेला पेला त्यांनी त्या दिवशी बरोबर घेतला होता. कुणी मागितला नव्हता. कुणी मागेल असंही काही नव्हतं.

आम्ही रोबो चौकोनात ठेवला. झेंडूचं फूल होतंच. निखिलनं दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “या वेळी पेलाबिला काही नाही. चला, हात.” त्याचं एक बोट बटनावर होतं. बाकीच्यांचे हात पुढे आले. पंचांनी विचारलं, “टीम तयार?”

“निखिल, थांब,” मी म्हटलं. “हात काढा सगळ्यांनी.”

आवाज मला हवा होता त्यापेक्षा बराच मोठा आला. पहिल्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

“काय झालं?” निखिलचं बोट बटनावरच होतं. “कोडमध्ये काही आहे का?”

“कोडमध्ये काही नाही. मागच्या वेळी पेल्यानं चुकलं नव्हतं.” वाक्य सुरू झालं होतं आणि आता ते मधे सोडता येत नव्हतं. “बटन दाबल्यावर आपण नमस्कार केला, त्यानं चुकलं. पाच हात लागले. पाचवा माझा होता. मला त्याच दिवशी गाडीत दिसलं होतं. भाऊंनी विचारलं, तरी मी बोलले नाही.”

निखिलनं बटनावरचं बोट काढलं. एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हात हळूच पाठीमागे नेला. बाकीच्यांनीही नेले.

पंच घड्याळाकडे बघत होते. दाराशी भाऊ उभे होते, किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च धरून, वाजू नये म्हणून. ते माझ्याकडे बघत नव्हते. वरच्या पंख्याकडे बघत होते.

मला आणखी मोठ्यानं बोलावं लागलं, कारण दार सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

“भाऊ, पाहुणा आलाय! पेला घेऊन पुढं या.”